संगणकातील गरविष : बनावट अपडेट आणि अनाहूत प्रोग्रॅम



पंचकर्म, द्रव्यगुण आणि रुग्णानुभव यांच्या पंक्तीत संगणकावरील लेख पाहून काहींना नवल वाटेल. परंतु रुग्णाच्या प्रकृतिपरीक्षेची नोंद, दिलेली औषधे, विक्रीची बिले, जीएसटीचे हिशेब, घाऊक व्यापाऱ्यांची देणी हे सारे आज एकाच यंत्रात साठवलेले असते. ते यंत्र दूषित झाले तर हानी केवळ यंत्राची होत नाही. आपल्यावर विश्वासून रुग्णाने सांगितलेले सर्व काही त्यात असते. म्हणून हा विषय आपल्या व्यवसायाबाहेरचा आहे असे मला वाटत नाही.

अगदतंत्रात आपण स्थावर आणि जंगम विषे शिकलो. त्यांहून निराळे, संयोगाने सिद्ध होणारे ते गरविष. ते शत्रू समोरून देत नाही. नित्याच्या अन्नातून, ओळखीच्या ताटातून, खाणाऱ्याच्या संमतीने ते पोटात जाते. संगणकाची बनावट अपडेट म्हणजे नेमके हेच होय. दाराचे कुलूप कोणी फोडीत नाही, आपणच कडी काढून देतो. मीही ती काढून दिली. तो प्रसंग सांगणे थोडे लाजिरवाणे असले तरी प्रथम तोच सांगते.

माझे चिकित्सालय खारदांड्यात आहे. जून आणि जुलै हे मासेमारीबंदीचे महिने. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, माणसे घरी असतात आणि वर्षभर अंगावर काढलेली गुडघेदुखी व कंबरदुखी याच दिवसांत दवाखान्यात येते. दोन वर्षांपूर्वीच्या अशाच एका पावसाळी संध्याकाळी माझ्या सहायिकेने चूर्णांच्या पुड्यांवर चिकटवावयाच्या चिठ्ठ्या मराठीत छापण्याचे मनावर घेतले. तिने इंटरनेटवर मराठी टंकलेखनाचा मोफत प्रोग्रॅम शोधला. जे पान उघडले त्यावर ‘डाउनलोड’ लिहिलेली तीन बटणे होती. त्यांतील सर्वांत मोठे, हिरवे बटण ही जाहिरात होती, आणि तिने अर्थातच तेच दाबले. पुढे एकामागून एक खिडक्या येत गेल्या. प्रत्येक खिडकीत ‘नेक्स्ट’ ठळक आणि ‘डिक्लाइन’ फिकट. दहा मिनिटांत संगणकात मराठी टंकलेखन सोडून बाकी सर्व आले. ब्राउझरचे मुखपृष्ठ बदलले, एक अनोळखी शोधपट्टी बसली, आणि संगणक ‘स्वच्छ’ करणारा एक प्रोग्रॅम दर थोड्या वेळाने शेकडो दोष सापडल्याचे सांगून उपायासाठी पैसे मागू लागला. रुग्णास आधी घाबरवावे आणि मग महागडा रसायनकल्प विकावा, असे करणारे लोक आपल्याही व्यवसायात नसतात असे नाही.

इथवर उपद्रव होता, संकट नव्हते. मी तो ‘स्वच्छक’ काढून टाकला आणि विषय संपला असे मानले. शोधपट्टी मात्र तशीच राहिली. अगदतंत्राच्या भाषेत सांगायचे तर दूषीविष राहिले. त्या शोधपट्टीने दाखवलेल्या एका पानावर आठवडाभराने पूर्ण पडदा व्यापणारी सूचना आली: तुमचा ब्राउझर जुना झाला आहे, सुरक्षिततेसाठी त्वरित अपडेट करा. चिन्ह खऱ्या ब्राउझरचेच, रंगही तेच. बाहेर रुग्ण खोळंबले होते. मी बटण दाबले, उतरलेली फाइल उघडली, आणि काहीच झाले नाही.

हे ‘काहीच झाले नाही’ वाचकांनी विशेष ध्यानात ठेवावे. अपडेटची फाइल उघडली आणि पडद्यावर काही दिसले नाही, तर ती फाइल बिघडलेली होती असे समजू नये. तिने आपले काम केले असे समजावे. अशा फाइली बहुधा पासवर्ड चोरणाऱ्या असतात. ब्राउझरमध्ये आपण सोयीसाठी जपून ठेवलेले पासवर्ड आणि मेल उघडी ठेवणाऱ्या खुणेच्या फाइली त्या काही क्षणांत उचलून परक्या संगणकाकडे पाठवतात. नवव्या दिवशी माझ्या मेलवरून, माझ्याच नावाने, आमच्याकडून तेले घेणाऱ्या एका औषधालयाच्या मालकांना पत्र गेले: आमचे बँक खाते बदलले आहे, थकलेली रक्कम या नव्या खात्यावर भरावी. पत्रास मागील खऱ्या बिलाची प्रत जोडलेली होती. ते गृहस्थ जुन्या वळणाचे. पैसे भरण्याआधी त्यांनी दूरध्वनी केला. त्यांच्या त्या एका सवयीने त्यांचे पैसे वाचले आणि माझी अब्रूही.

तरीही एक प्रश्न उरलाच. मेलमध्ये कित्येक रुग्णांचे तपासणी-अहवाल होते. दांड्यासारख्या वस्तीत कोणाच्या घरी काय चालले आहे हे चार घरे सोडून पाचव्या घरात कळते. अपत्यप्राप्तीसाठी उपचार घेणारी एक भगिनी, घरात सासूलाही न सांगता येणारी, मला विचारती झाली, “डॉक्टरीणबाई, माझे कागद त्यात होते का?” नव्हते, असे मला म्हणता आले नाही.

आता कोणी म्हणेल की ही लहान दवाखान्यातील अनवधानाची गोष्ट. जेथे संगणकतज्ज्ञ पगारावर ठेवलेले असतात तेथे असे होत नाही. तसे नाही. मुंबईच्या पूर्व किनाऱ्यासमोर, खाडीपलीकडे न्हावा शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर आहे. २७ जून २०१७ रोजी तेथील गेटवे टर्मिनल्स इंडिया या टर्मिनलचे संगणक बंद पडले. हे टर्मिनल डेन्मार्कच्या मर्स्क या जहाजसमूहाशी संलग्न कंपनी चालवीत होती, आणि मर्स्कचे संगणक त्या दिवशी जगभर कोलमडले होते. न्हावा शेव्यास हाताने काम करण्याची वेळ आली आणि कंटेनरांचा निपटारा मंदावला. बाहेरून येणाऱ्या ज्येष्ठमधाची किंवा हिंगाची वाट पाहणाऱ्यांना बंदर अडणे म्हणजे काय हे सांगावयास नको.

याचे मूळ युक्रेनमध्ये होते. तेथे करविवरण भरण्यासाठी एम. ई. डॉक नावाचा प्रोग्रॅम सर्रास वापरला जाई, जसा आपल्याकडे दुकानादुकानांत हिशेबाचा प्रोग्रॅम असतो. हल्लेखोरांनी त्या कंपनीच्याच अपडेट पुरवणाऱ्या यंत्रणेत शिरकाव केला आणि २०१७ च्या एप्रिलपासून काही अपडेटांमध्ये चोरवाट पेरली. म्हणजे अपडेट खरी, पाठवणारी कंपनी खरी, आणि आत विष. मर्स्कच्या ओडेसा येथील कार्यालयात एका संगणकावर हा प्रोग्रॅम होता, तेवढे पुरले. ‘नॉटपेट्या’ या नावाने ओळखला गेलेला तो विध्वंसक प्रोग्रॅम खंडणी मागण्याचे सोंग करी, परंतु पैसे भरूनही फाइली परत मिळण्याची सोय त्यात नव्हती. मर्क या अमेरिकी औषधकंपनीचे उत्पादनही त्यात विस्कळित झाले. तिला एचपीव्ही लशीच्या मात्रा अमेरिकी सरकारच्या साठ्यातून उसन्या घ्याव्या लागल्या.

या प्रसंगावरून काहीजण असा निष्कर्ष काढतात की अपडेट घेऊच नयेत. आमच्या परिचयाचे एक औषधविक्रेते अभिमानाने सांगतात की त्यांनी संगणकाच्या सर्व अपडेट बंद करून ठेवल्या आहेत. हा निष्कर्ष घातक आहे. नॉटपेट्या एका संगणकातून दुसऱ्यात शिरताना विंडोजमधील ज्या दोषाचा आधार घेत होता, त्यावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी, म्हणजे तीन महिन्यांहून अधिक आधीच दिलेली होती. त्याच वर्षी १२ मे रोजी पसरलेल्या ‘वॉनाक्राय’नेही हीच भेग वापरली आणि ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेतील अनेक रुग्णालयांच्या ठरलेल्या तपासण्या व शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. तेथे दोष अपडेट घेतल्याचा नव्हता, न घेतल्याचा होता. वत्सनाभ विष आहे म्हणून आपण तो टाकून देत नाही. तो कोठून आला आणि त्याची शुद्धी झाली आहे का, हे पाहतो. अपडेटबाबतही प्रश्न ‘घ्यावी की न घ्यावी’ हा नसून ‘कोणाच्या हातून, कोणत्या मार्गाने’ हा आहे.

आणि याचे उत्तर सुदैवाने सोपे आहे. खरी अपडेट प्रोग्रॅमच्या आतून येते, बनावट अपडेट वाचीत असलेल्या पानावरून येते. कोणत्याही संकेतस्थळाने ‘तुमचा ब्राउझर जुना आहे, येथे दाबून अपडेट करा’ असे सांगितले की ते पान बंद करावे; मग ते पान वर्तमानपत्राचे असो, की एखाद्या आयुर्वेद महाविद्यालयाचे. प्रामाणिक संकेतस्थळेही फोडली जातात आणि त्यांच्या पानांवर अशा सूचना चिकटवल्या जातात, त्यामुळे पान ओळखीचे असणे हा पुरावा नव्हे. शंका आली तर आपण स्वतः उठून मुळाशी जावे. क्रोम ब्राउझरच्या उजव्या कोपऱ्यातील तीन ठिपक्यांवर जाऊन ‘हेल्प’ आणि त्यात ‘अबाउट गूगल क्रोम’ उघडले की अपडेट असल्यास तेथे आपोआप सुरू होते. विंडोजची अपडेट ‘सेटिंग्ज’मधील ‘विंडोज अपडेट’ या जागीच मिळते, अन्यत्र नाही. फ्लॅश प्लेअरची अपडेट मागणारी सूचना तर शंभर टक्के खोटी समजावी, कारण ॲडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशचा आधारच संपवला.

पूर्ण पडदा व्यापून भोंगा वाजवणारी आणि ‘या क्रमांकावर दूरध्वनी करा’ म्हणणारी सूचना हा याच कुळातील आणखी एक प्रकार. मायक्रोसॉफ्ट आपल्या इशाऱ्यात कधीही दूरध्वनी क्रमांक देत नाही. एस्केपची कळ काही सेकंद दाबून धरावी; तरी पान हटले नाही तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबून ब्राउझर बंद करावा. अलीकडे तर काही पाने ‘तुम्ही मनुष्य आहात हे सिद्ध करा’ असे म्हणून विंडोजची कळ व आर ही कळ दाबावयास लावतात आणि काहीतरी चिकटवून एंटर करावयास सांगतात. हे म्हणजे रुग्णाच्याच हाताने सुई टोचून घेणे होय. कोणतेही पान असे सांगू लागले की थांबावे.

अनाहूत प्रोग्रॅमांचा प्रवेश मात्र बहुधा मोफत वस्तूंबरोबर होतो. पीडीएफ जोडणारा, फोटो लहान करणारा, छपाईयंत्राचा ड्रायव्हर, मराठी फॉन्ट. शोधयंत्रावर पहिल्या ओळीत जे येते ते पुष्कळदा जाहिरात असते. ड्रायव्हर हवा असेल तर छपाईयंत्र करणाऱ्या कंपनीच्याच संकेतस्थळावर जावे. स्थापनेच्या वेळी ‘रेकमेंडेड’ऐवजी ‘कस्टम’ निवडावे, म्हणजे सोबत काय काय बांधून आले आहे ते दिसते. पडदा काळवंडून विंडोज जेव्हा विचारते की या प्रोग्रॅमला तुमच्या संगणकात बदल करू द्यावेत काय, तेव्हा प्रकाशकाचे नाव वाचावे. तेथे ‘अननोन’ असेल तर ‘नो’. विंडोज सिक्युरिटीमध्ये ‘ॲप अँड ब्राउझर कंट्रोल’ आणि त्यात ‘रेप्युटेशन बेस्ड प्रोटेक्शन’ येथे अनाहूत प्रोग्रॅम अडवण्याची सोय आहे. ती चालू आहे का हे आजच पाहावे.

या साऱ्याहून अधिक उपयोगी पडलेला उपाय माझ्या मते एकच, आणि तोच फार थोड्या ठिकाणी केलेला आढळतो. विंडोजमध्ये ॲडमिनिस्ट्रेटरचे खाते वेगळे आणि रोजच्या कामाचे साधे खाते वेगळे ठेवावे. बिले करणाऱ्या मुलाला किंवा सहायिकेला साधे खाते द्यावे. मग नवीन काही स्थापण्यासाठी बहुधा मालकाचा पासवर्ड लागतो, आणि त्या निमित्ताने दोन माणसे त्या वस्तूकडे पाहतात. तिजोरीची किल्ली आपण गल्ल्यावरच्या मुलाकडे ठेवीत नाही. पासवर्डचोर साध्या खात्यातही काम करू शकतो हे खरे. म्हणून बँकेचा आणि मेलचा पासवर्ड ब्राउझरमध्ये साठवू नये, एवढी पुरवणी जोडावी.

औषधालयांच्या मालकांसाठी दोन गोष्टी अधिक. बिलाच्या प्रोग्रॅमचा माणूस दुरून संगणक हाताळण्यासाठी जो दूरसंपर्काचा प्रोग्रॅम बसवतो, तो काम झाल्यावर बंद करावा, कायम उघडा ठेवू नये. आणि असा माणूस आपण बोलावल्याशिवाय स्वतःहून दूरध्वनी करू लागला तर त्यास आत घेऊ नये. दुसरी गोष्ट काहींना कटू लागेल. दोन-चार हजार वाचवण्यासाठी विंडोजची किंवा हिशेबाच्या प्रोग्रॅमची ‘फोडलेली’ प्रत बसवून घेण्याची रीत आपल्याकडे सर्रास आहे. ती बसवताना संगणकवाला प्रथम विषाणुरोधक बंद करतो. का करतो, याचा विचार आपण करीत नाही. भेसळीचे भस्म स्वस्त मिळाले म्हणून आपण रुग्णास देऊ काय? विंडोज ७ ला मिळणाऱ्या दुरुस्त्या १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० च्या सर्वसाधारण मोफत दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या; जुने यंत्र बदलण्याचा खर्च यापुढे अंदाजपत्रकात धरावा हे बरे.

मोबाइलविषयी एवढेच, की व्हॉट्सॲपवर येणारी एपीके फाइल, मग ती वाहतूक-दंडाच्या चलनाच्या नावाने येवो वा बँकेच्या, उघडू नये.

आता विष पोटात गेलेच तर काय करावे? येथे शमन आणि शोधन हा भेद उपयोगी पडतो. केवळ शोधपट्टी किंवा जाहिरातखोर प्रोग्रॅम असेल तर ‘सेटिंग्ज’मधील प्रोग्रॅमांची यादी दिनांकानुसार लावून त्या दिवशी आलेले सर्व काढावे, ब्राउझरमधील विस्तार तपासावेत आणि ब्राउझरची मांडणी मूळपदी आणावी. मी यातले अर्धेच केले होते. परंतु बनावट अपडेटची फाइल उघडली गेली असेल तर शमनावर विसंबू नये. प्रथम इंटरनेट तोडावे. नंतर दुसऱ्या, निर्दोष यंत्रावरून मेल, बँक आणि जीएसटीचे पासवर्ड बदलावेत आणि सर्व ठिकाणचे सुरू प्रवेश बंद करण्याची आज्ञा द्यावी, कारण पासवर्ड बदलला तरी चोरलेली खूण कधीकधी चालू राहते. मग संगणक पूर्ण पुसून विंडोज नव्याने स्थापावी. पैशांचा संबंध आला असेल तर विलंब न करता १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर कळवावे; पहिले काही तास महत्त्वाचे असतात. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेचे सायबर स्वच्छता केंद्र फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू झाले असून तेथून दूषित संगणक तपासण्याची मोफत साधने मिळतात.

ज्यांच्याशी आपला पत्रव्यवहार आहे त्या सर्वांनाही कळवावे, रुग्णांना देखील. मला हे सर्वांत जड गेले. दोन रुग्णांनी नंतर येणे थांबवले आणि त्यांना दोष देता येत नाही.

आणि नोंदींची प्रत. मर्स्कच्या संगणकांची मुख्य नावनोंदणी ज्या यंत्रांवर होती, ती जगभरातील यंत्रे एकमेकांची प्रत ठेवीत असत. त्यामुळे नॉटपेट्याने सर्वच पुसली. वाचले ते एकच, आफ्रिकेतील घाना येथील, आणि तेही त्या वेळी तेथे वीज गेली होती म्हणून. दहा दिवसांत चार हजार सर्व्हर आणि पंचेचाळीस हजार संगणक नव्याने उभे करावे लागल्याचे मर्स्कच्या अध्यक्षांनी पुढे २०१८ मध्ये दावोस येथे सांगितले. जोडलेली प्रत ही प्रत नव्हे, असे मी त्यावरून शिकले. आता दर शनिवारी रात्री नोंदी एका बाह्य डिस्कवर उतरवते, डिस्क काढते आणि घरी नेते. महिन्यातून एकदा त्यातील एखादी जुनी नोंद उघडून पाहते; न उघडणारी प्रत असून नसल्यासारखीच.

चूर्णांच्या चिठ्ठ्यांचे काय झाले, असे कोणी विचारील. काखेत कळसा आणि गावाला वळसा असा तो प्रकार निघाला. विंडोज १० च्या मे २०१९ च्या अपडेटपासून उच्चाराप्रमाणे मराठी लिहिण्याचा कळफलक विंडोजमध्येच दिलेला आहे. ‘सेटिंग्ज’, ‘टाइम अँड लँग्वेज’ येथे मराठी भाषा जोडून ‘मराठी फोनेटिक’ निवडावे. बाहेरून काहीही उतरवावे लागत नाही. सहायिका आता त्यावरच त्रिफळा, हिंग्वाष्टक आणि सितोपलादीच्या चिठ्ठ्या छापते.